हैदराबादच्या मीटिंगला मी खुर्चीत बसले

हैदराबादला जायचंय असं घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. म्हणाला, "कशाला?"

"मीटिंगला."

घास हातातच राहिला त्याचा. मग म्हणाला, "जा. पण तिथं कुणाशी भांडू नगंस."

मी खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. लागले तेव्हा झाडू मारायला लागले. आमची काचेची बिल्डिंग तेव्हा एकटीच उभी होती, आजूबाजूला शेतं. आता शेत शोधून दाखवा. माझ्या हाताखाली आता बऱ्याच बायका आहेत आणि ऑफिसात सगळे मला मावशी म्हणतात. फक्त आमचे ॲडमिनचे जोशी साहेब कुसुमताई म्हणतात.

कंपनीच्या ब्लॉगवर लोक आपापल्या सहली लिहितात. कुणी लडाख, कुणी युरोप. एचआरची नेहा म्हणाली, मावशी, तुम्हीपण लिहा, तुमचं पहिलं विमान आहे. मी चौथी शिकलेली. वाचायला झरझर येतं, लिहिताना मात्र हात अडतो. कितीतरी रविवार मी "आम्ही सकाळी निघालो" एवढं लिहून भांडी घासायला उठले. भांडी बरी, घासली की संपतात. शेवटी मुलगी शीतल म्हणाली, "आई, तू सांग, मी थोडं नीट करून टाइप करते." मी म्हटलं, तू नुसतं टाइप कर, नीट माझं मी करते. तर हे तसं आहे.

आता मला का पाठवलं ते सांगते. हैदराबादला कंपनीचं नवं ऑफिस उघडायचं होतं आणि तिथल्या बायकांना काम लावून द्यायला माणूस हवं होतं. जोशी साहेबांनी नकाशा दाखवला. सगळ्याला जागा होती. टेबल टेनिसला खोली, दुपारी डुलकी काढायला खोली, फोनवर बोलायला काचेची कपाटं. मी विचारलं, "आमच्या बायका जेवणार कुठे?" साहेबांनी चष्मा वर केला, नकाशा उलटासुलटा केला. म्हणाले, "हे तुम्ही तिथल्या मीटिंगमध्येच विचारा. मी विचारलं तर मला उत्तर मिळेल, तुम्ही विचारलंत तर जागा मिळेल."

खराडीत आम्ही कित्येक वर्षं आगीच्या जिन्यात बसून जेवलो. खालून कुणी आलं की डबे उचलायचे, पाय आखडायचे. पुढे भांडून भांडून खोली मिळवली. आता आम्ही सगळ्या गोल करून बसतो, डबे मध्ये ठेवतो, आणि शेवटची येईस्तोवर पहिली घास घेत नाही. हा आमचा नियम. हैदराबादच्या बायकांनी पहिल्या दिवसापासून जिन्यात बसू नये, एवढंच मनात धरून मी निघाले.

आम्ही राहतो त्या मांजरीहून विमानतळ तसा लांब नाही, पण केशवनगरच्या अरुंद रस्त्यावर रिक्षा अडकली की विमान तुमच्यासाठी थांबत नाही. सकाळी वेळ हातात ठेवून निघा. विमानतळावर चहाचा भाव विचारला आणि घरून पिऊन आल्याचं समाधान वाटलं. तपासणीला एका पोलीस मुलीने माझ्या पिशवीतला डबा उघडला.

"ये पाउडर क्या है?"

"चटणी. शेंगदाण्याची. खाके देखो."

तिने हुंगली, हसली, झाकण घट्ट लावून परत दिली. चटणी चालते. पाण्याची बाटली भरलेली चालत नाही, रिकामी न्या आणि आत भरा.

विमानात जोशी साहेबांनी मला खिडकी दिली. "घ्या, मला आकाश बघून झालंय." उडाल्यावर खाली बघते तर उसाचे हिरवे तुकडे आणि त्यात घुसलेल्या नव्या सोसायट्या. मांजरीच ती, ओळखली मी.

"काय कुसुमताई, घर दिसलं का?"

"दिसलं. शीतलने धुणं वाळत घातलेलं नाही."

साहेब पेपरामागे बराच वेळ हसून हलत होते.

हैदराबादचा विमानतळ गावापासून लांब आहे. गाडीचे पैसे जड वाटत असतील तर बाहेरच बस मिळते, चांगली गार असते. आम्हाला कंपनीची गाडी होती. रस्ता असा गुळगुळीत की मी दोनदा बाहेर वाकून बघितलं, आपण चालतोय ना. हॉटेलची खोलीही चकाचक. पण सवय जात नाही. दाराच्या मागे वरच्या कडेवरून बोट फिरवलं. धूळ. बरं वाटलं. सगळीकडे बायका तिथेच हात आखडता घेतात.

जेवणात अंबाडीची चटणी आली. आपल्याकडे अंबाडीची भाजी करतात तीच पानं, पण तिखट अशी की कानातून वाफ निघावी. भाताबरोबर तूप घालून खा, नुसती खाऊ नका. संध्याकाळी साहेबांनी इराणी चहा पाजला. दाट, गोड, कपाला थर धरणारा. बरोबर खारट-गोड बिस्किट. आमच्या ऑफिसच्या मशीनचा चहा यापुढे माझ्याने प्यायला जाणार नाही, हे नुकसान झालं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग.

मीटिंगबद्दल मला बरंच माहीत आहे. इतकी वर्षं ट्रे घेऊन आतबाहेर करते. दारातून चेहरे बघितले की किती वेळ चालणार ते कळतं. जो जास्त बोलतो तो बिस्किटं जास्त खातो. "पाचच मिनिटं" म्हणाले की दुसऱ्या चहाचं पाणी ठेवायचं. आणि सगळे एकदम मान हलवतात तेव्हा कुणाला काही कळलेलं नसतं. पण हे सगळं उभ्याने बघितलेलं. खुर्चीत मी कधी बसले नव्हते. ती खुर्ची मागे झुकते हे मला झुकल्यावर कळलं.

तिथले मुख्य राव साहेब. इंग्रजीत खूप वेळ चाललं. भिंतीवर चित्रं बदलत होती. चहा घेऊन एक बाई आली, यादम्मा तिचं नाव, माझ्याच वयाची. तिने मलाही कप दिला आणि माझ्या साडीकडे, मग खुर्चीकडे बघितलं. मी डोळ्यानेच म्हटलं, हो, बसलेय.

लोकांचे चहा संपले. पुढे काय झालं ते मला धड सांगता येत नाही. मी ठरवून काही केलं नाही. कानावर आलं, "कुसुमजी, आपको कुछ कहना है?" आणि बघते तर मी दारापाशी उभी, दोन्ही हातांत उष्टे कप, कानांत बोटं अडकवून धरलेले. माझी खुर्ची तिकडे रिकामी. सगळी खोली माझ्याकडे बघतेय.

एक तरुण पोरगी तोंडावर हात धरून हसली. जोशी साहेब हळूच म्हणाले, "ताई, ठेवा ते. आज ते तुमचं काम नाही."

मला राग आला. त्यांचा नाही, माझ्या हातांचा. विचारणार होते ते सगळं रात्रभर हिंदीत जुळवलेलं, ते गेलं डोक्यातून. मग मी कप नेऊन राव साहेबांच्या समोर नकाशावरच ठेवले आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"साहब, ये कप धोने को कमरा है आपके नक्शे में. कप रखने को अलमारी है. कप उठानेवाली बाई बैठ के रोटी खाएगी, वो कमरा दिखाओ."

कुणी हसलं नाही. राव साहेब म्हणाले, नकाशा पक्का झालाय, बायका तीननंतर कँटीनमध्ये बसू शकतात. मी विचारलं, "आप तीन बजे खाते?" ते म्हणाले, एकला. मग नकाशावरचे कप बाजूला सरकवले. म्हणाले, "देखते हैं."

देखते हैं म्हणजे काय ते मी पुष्कळ मीटिंगांतून ऐकलंय. म्हटलं, "अभी देखते हैं. चलो."

आणि ते उठले. हे मी त्यांच्या बाजूने सांगते, माणूस उठला. सामानाच्या लिफ्टशेजारी एक खोली होती, गालिच्यांच्या गुंडाळ्या आणि खोकी कोंबलेली. खिडकी होती आणि उघडत होती. राव साहेब म्हणाले, ही चालेल, पुढच्या महिन्यात रिकामी करून देतो.

मी हो म्हटलं. ते गेल्यावर पदर खोचला. यादम्मा दारात.

"क्या अम्मा, मीटिंग में बैठी थी ना तुम? अब ये कायकू उठाते?"

"पुढचा महिना कुणी बघितलाय," मी मराठीतच म्हटलं. तिला समजलं. तिने आणखी बायकांना हाक मारली. दुपारपर्यंत गुंडाळ्या तळघरात, खोकी तळघरात, फरशी पुसून लख्ख. जोशी साहेब आले, बाही वर करून एक खोकं त्यांनीपण उचललं. "अडीच किलोच्या वर डॉक्टर नको म्हणालेत," असं सांगून सर्वांत हलकं निवडलं.

तिसऱ्या दिवशी बायकांना काम दाखवलं. काच कशी पुसायची, कुठलं फडकं कुठे. पण मुख्य काम एक वाजता केलं. सगळ्यांना त्या खोलीत बसवलं, गोल. यादम्मा ताट धरून उभीच. "मैं बाद में खाती, तुम खाओ." मी म्हटलं, तू बसल्याशिवाय डबा उघडणार नाही. ती म्हणाली, नक्को. मी हात गुडघ्यावर ठेवून बसले. बाकीच्यांना भूक लागलेली, त्याच तिच्यावर ओरडल्या तेलुगूत. बसली शेवटी. त्यांचा भात, अंबाडी, माझी चटणी. राव साहेब दारावरून जाताना थांबले, मधले डबे बघितले आणि पुढे गेले. ज्या जागेत माणसं जेवली ती जागा पुन्हा गोदाम करायला मन धजत नाही, हा माझा हिशोब होता. पण मी पुण्याला गेल्यावर काय, ते मला माहीत नव्हतं.

चारमिनारला शेवटच्या सकाळी गेले. लाड बाजारात बांगड्या घ्यायच्या तर पहिल्या भावाला उठून चालायला लागा, ते हाक मारतात. आमच्या बायकांसाठी प्रत्येकीच्या मापाच्या घेतल्या. साहेब अजून थांबणार होते, म्हणून परतीला मी रेल्वे मागून घेतली. विमानात कुणी बोलत नाही. रेल्वेत सोलापूरच्या एक बाई भेटल्या, हैदराबादला दिलेल्या लेकीला बघून परत चाललेल्या.

"तुम्ही कुणाकडं गेला होता?"

"कुणाकडं नाही. ऑफिसच्या कामाला."

"एकट्या?"

"एकटी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि सरकून खिडकी मला दिली.

घरी पोचले तेव्हा नवरा उठलेला होता. चहा त्याने ठेवला. "भांडलीस?"

"थोडं."

"जिंकलीस का?"

"अजून कळायचंय."

ते कळायला दिवस गेले. लिहायलाही मी तोवर अडून बसले होते. नेहा रोज विचारायची, मावशी, झालं का. मी सांगायची, शेवट यायचाय. बाकी माझ्यात काय राहिलं, तर खराडीच्या मीटिंगमध्ये आता मी कप उचलायला लगेच जात नाही. सगळे उठेपर्यंत थांबते. दोघं-तिघं आपला कप आपणच बाहेर आणून ठेवायला लागलेत. ठेवू देत, हात झडत नाहीत.

काल दुपारी यादम्माच्या मुलीच्या फोनवरून फोटो आला. तीच खोली. खिडकीला पडदा लागलाय, टेबल आलंय, खुर्च्या आल्यात. सगळ्या बायका बसलेल्या, डबे मध्ये. जेवायला निघालेल्या माझ्या बायकांना दाखवला, हातोहात फिरला. मग मी चष्मा लावून पुन्हा बघितला. कोपऱ्यात एक कोवळी पोरगी, नवीन लागलेली असणार, हातात पाण्याचा जग घेऊन भिंतीला टेकून उभी.

मी लगेच फोनवर बोलून पाठवलं, "खोली अच्छी है. वो कोने में लड़की खड़ी है, उसको पहले बिठाओ."

थोड्या वेळाने यादम्माचा आवाज आला, मागे भांड्यांचा आणि हसण्याचा गलका. "बिठाया अम्मा. तुम्हारा खाना हुआ?"

आमच्यातली शेवटची तेवढ्यात हात पुसत आली. मी डबा उघडला.