अप्पांच्या छातीवरची डबी

चिटगुप्प्यात आमचं अडतीचं दुकान. जन्मभर पोती उचलून माझ्या वडिलांना, अप्पांना, अंतर्गळ झालं होतं. जांघेतला गोळा अलीकडे हातानं दाबूनही लवकर आत जात नव्हता, म्हणून ऑपरेशनसाठी त्यांना बिदरच्या दवाखान्यात आणलं. भूल देण्याआधी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढतात, हे तिथं गेल्यावर कळलं. वजन करतात तसंच काहीतरी असेल, असं मला वाटलं.

डॉक्टर पट्टी घेऊन बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, यांना आधी झटका कधी आला होता?

"अप्पाला? साधा ताप बी आला न्हाई कधी," मी म्हणालो.

त्यांनी रेषेतला एक खड्डा दाखवला. हृदयाचा एक भाग मेला होता. तोही आत्ता नव्हे. जखम कधीच भरून तिथं वण झाला होता. असा माणूस भुलीतून उठेलच असं ते सांगू शकत नव्हते.

मला तो दिवस लगेच आठवला. आठवावा लागलाच नाही. तुरीची सुगी होती, दुकान माणसांनी भरलेलं होतं. अप्पांनी पोतं अर्ध्यावर सोडलं आणि थप्पीला टेकून ते खाली बसले. सदरा घामानं भिजला होता, दोन्ही हात छातीवरच्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर घट्ट. मी हमालांना म्हणालो, "बघा, काम निघालं की आमच्या अप्पाची पूजा सुरू होती." हमाल पोट धरून हसले. थोड्या वेळानं अप्पा उठले आणि त्यांनी तेच पोतं पाठीवर घेतलं.

डॉक्टरांना मी यातलं काही सांगितलं नाही. म्हणालो, पट्टी चुकली असेल, छातीवर चांदी आहे ना. डबी बाजूला सरकवली होती, आणि तिनं असं काही होत नाही, असं ते म्हणाले. मी ऐकेना. डबी काढून पुन्हा पट्टी घ्या, म्हणून हट्ट धरला. शेवटी ते कंटाळून तयार झाले.

आम्हा लिंगायतांत लिंग अंगावेगळं झालं की माणूस जिवंतपणी मेला असं मानतात. अप्पा अंघोळीलाही ते उतरवत नसत.

"अप्पा, काढा ते."

"कामून?"

"मशीन चुकायलंय त्याच्यानं."

"मशीन न्हाई चुकलं. चल घरला."

"गोळा घेऊन मरायचंय का? काढा म्हणलो ना."

त्यांनी काढलं नाही. मग मीच डबी बांधलेला त्यांच्या गळ्यातला शिवदारा डोक्यावरून ओढून काढला. त्यांनी अडवलं नाही. मान तेवढी पुढे केली आणि डोळे मिटून घेतले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडे बघत होता, त्यानं तोंड फिरवलं. डबी माझ्या मुठीत होती, अंगाच्या उबेनं कोमट.

दुसऱ्या पट्टीतही खड्डा होता, त्याच जागी. डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. गोळ्यावर बांधायला चामड्याचा पट्टा लिहून दिला आणि यापुढे ओझं उचलायचं नाही, असं बजावलं.

मी शिवदारा परत त्यांच्या गळ्यात घातला. घरी जाऊन पूजा होईपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. एसटीत खिडकीबाहेर बघत ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी पूजा न्हाई करायलतो मी."

कोणता दिवस, हे मी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? समदे हसायलते. उठलो."

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून ते दुकानात आले. पोत्यांपाशी न जाता गादीवर बसले. थोरला हमाल जवळ आला.

"कापलं न्हाई व्हय, सावकार? काय निघालं?"

"काय निघतंय? छातीत वारा धरलाय म्हणे," अप्पा म्हणाले. "आमचा पोरगा डॉक्टरपेक्षा हुशार. ह्यो आधीच सांगितलता तुम्हाला, म्हातारा सोंग करायलाय म्हणून."

हमाल हसले. अप्पा माझ्याकडे बघत राहिले, मीही हसेपर्यंत.