मामांचे दात आणि माझं लाल पेन

रहाटणीतल्या आमच्या शाळेने सगळ्या कर्मचाऱ्यांचा विमा काढला आणि त्यातले नियम समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मराठीच्या बाईंना काम नसतं, असा आमच्या मुख्याध्यापकांचा जुना समज आहे.

स्टाफरूममध्ये मी वाचून दाखवलं. दात किडला तर काही मिळणार नाही, अपघातात तुटला तर मिळेल. दुखापतीमुळे कामावर येता आलं नाही, तर 'तात्पुरते अपंगत्व' म्हणून तेवढ्या आठवड्यांचा थोडा पगार. गणिताचे सर सुजलेला गाल धरून हिरमुसले. पीटीच्या सरांनी लगेच बॅट उचलली. "तोंड उघडा सर, अपघात मी करतो."

अपघात झाला तो शिपाईमामांना. स्नेहसंमेलनाचा फलक बांधताना ते स्टुलावरून तोंडावर आपटले. उजवं मनगट मोडलं, पुढचे दोन दात गेले. लेकीचं लग्न दीड महिन्यावर आणि मामा गावातल्या जुन्या घरातले, म्हणजे सगळं गाव येणार.

"हाताचं ऱ्हाऊ द्या बाई, दाताचं बघा," ते तोंडावर रुमाल धरून म्हणाले. "लेकीच्या फोटूत तोंड मिटून हुभं ऱ्हायचं का मी?"

अर्जावरचं 'अपंगत्व' वाचून मात्र भडकले. "मी काय अपंग हाय व्हय? व्याह्याच्या कानावर गेलं म्हंजे?"

"सहा आठवड्यांपुरतंच, मामा. तेही कागदावर."

दोन दिवस समजूत काढली, तेव्हा कुठे डाव्या हाताचा अंगठा उठला.

डॉक्टरांचे दाखले आले. मधल्या सुट्टीत सहावीच्या वह्या तपासता तपासता मी तेही तपासले. तारीख बरोबर, लाल खूण. मनगट बरोबर, खूण. दात बरोबर, खूण. खाली लाल शाईत 'पाहिले' आणि झोकदार सही. बावीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला.

विमा कंपनीकडून सगळे कागद परत आले. दाखल्यांवर खाडाखोड आहे, नवे सादर करा. मंजुरीशिवाय दवाखाना दात बसवणार नव्हता.

"डॉक्टरांना किती मार्क दिले बाई?" पीटीचे सर म्हणाले आणि स्टाफरूम हसून लोळली. चौकशीला आलेले मामा हसले नाहीत. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांना घेऊन मी पिंपळे सौदागरला दोन्ही दवाखान्यांत गेले. दातांच्या डॉक्टरीणबाई जुना दाखला बघत राहिल्या. "यात माझं चुकलं काय होतं?"

"काहीच नाही. सगळं बरोबर होतं, म्हणूनच तर..."

नवे दाखले मिळाले. मी हात पुढे केला, तर मामांनी ते शर्टाच्या आत घातले. "तुमी न्हाई. आदी त्ये पेन पिशवीत घाला."

कागद त्यांनी स्वतःच क्लार्ककडे दिले. दात बसले ते हळदीच्या आदल्या दिवशी.

लग्नानंतर मामा फोटो घेऊन आले. लेकीच्या शेजारी बत्तीशी दाखवून उभे, एवढे की नवरदेवाकडे कुणाचं लक्ष जाऊ नये. मी फोटो परत देऊ लागले, तर त्यांनी तो उलटा केला आणि माझ्या टेबलावरचं लाल पेन उचलून माझ्या हातात दिलं.

"आता करा सही, बाई."

मी 'पाहिले' लिहिलं. डोळे भरून आले होते, त्यामुळे अक्षर असं आलं की सहावीतल्या पोराला मी ते पुन्हा लिहायला लावलं असतं.