अंगठा पोचल्याची वेळ

तीन कंपन्यांची तुलना करायची होती आणि निकाल आधीच लागला होता. मला हे पहिल्याच बैठकीत कळलं, कारण आमच्या मॅनेजरने टेबलावर ठेवलेल्या सॅकवर तिघींपैकी एकीचं नाव भरतकामात होतं. बाटलीवरही तेच होतं. तरी तो पुढे वाकून अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "आपल्याला कम्प्लीटली न्यूट्रल राहायचंय." सॅकने मान डोलावली नाही एवढंच.

कन्नड मुलखात, महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात कारखान्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनतं. कामगार फाटकावरच्या यंत्रावर अंगठा लावतो, तो अंगठा आमच्या मोठ्या यंत्राकडे येतो, तिथे ओळख पटते आणि वेळ पडते. ही मोठी यंत्रं तेव्हा आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एका गार खोलीत होती. आता ती काढून सगळा कारभार क्लाउडवर न्यायचा होता, म्हणजे दुसऱ्याच्या खोलीतली दुसऱ्याची यंत्रं भाड्याने घ्यायची होती. कोणाची घ्यायची ते ठरवणारा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथे कागदपत्रं लिहिते: वापराच्या पुस्तिका, ग्राहकांना जाणाऱ्या सूचना, आणि असे अहवाल, जे कोणी वाचत नाही म्हणून फार काळजीपूर्वक लिहावे लागतात.

तिन्ही कंपन्यांची माणसं एकेक करून येऊन गेली. पहिल्याने सांगितलं की त्यांची यंत्रं कधीच बंद पडत नाहीत. दुसऱ्याने सांगितलं की त्यांची बंद पडतात, पण कोणाला कळत नाही. तिसऱ्याने जेवायलाच नेलं. प्रत्येकाकडे एक आलेख होता, त्यात वरच्या उजव्या कोपऱ्यात तो स्वतः आणि खाली डावीकडे इतर दोघं. माझं बालपण नागपुरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे, आई त्यांच्या घड्या घालायची. निष्कर्ष आधी आणि पुरावे नंतर, ही पद्धत मला घरातूनच माहीत होती. फरक इतकाच की आमच्या पत्रकावर खाली संघटनेचं नाव असायचं आणि त्याला तटस्थ म्हणण्याचा निर्लज्जपणा आम्ही कधी केला नव्हता.

तुलनेची रीत अशी होती. एका तक्त्यात निकष, प्रत्येक निकषाला वजन, प्रत्येक कंपनीला गुण. गुणिले वजन, बेरीज, विजेता. पहिल्या बेरजेत चुकीची कंपनी जिंकली. मॅनेजर तक्त्याकडे पाहत राहिला, घरी नापसंत स्थळ आल्यासारखा.

"सपोर्टला वेट कमी वाटतंय ना?" तो म्हणाला.

"काल तूच दिलं होतंस."

"अगं, काल आपण मॅच्युअर नव्हतो."

आम्ही प्रगल्भ झालो. वजन बदललं. सॅकवरची कंपनी जिंकली.

मला याचं फारसं वाईट वाटलं नाही हे कबूल करते. तिघींमध्ये निवडण्यासारखं काही आहे असं तोवर मलाही वाटत नव्हतं. अहवालात एक पान 'सध्याची व्यवस्था' असं हवं होतं, आणि त्यासाठी मी एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गार खोलीत गेले.

तिथे अण्णा होते. ते निपाणीकडचे. गेली कित्येक वर्षं ती यंत्रं तेच सांभाळत होते. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि बैठकीत तोंड बंद, अशी त्यांची त्रिभाषा होती. त्यांना सगळं ऑफिस अण्णा म्हणायचं आणि एकाही बैठकीला बोलवायचं नाही.

सव्वाआठ वाजले होते. मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"आत्ता बोलू नको. अर्धा तास. बस की तिथं."

मी बसले. अण्णांनी पडद्यावरची एक यादी उघडली आणि तिच्यातली कामं एकेक करून थांबवायला लागले. कुठल्या कारखान्याचा महिन्याचा अहवाल, कुठल्या साहेबाचे रंगीत तक्ते, कुठली जुन्या नोंदींची नक्कल. सगळं थांबवलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. साडेआठ वाजून गेले, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग ती सगळी कामं त्यांनी पुन्हा सुरू केली.

"हे काय करायलात?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. ते हसले.

"साडेआठची पाळी. सगळ्या फाटकांवरनं एकदम अंगठे येतात. त्यात साहेबांचे तक्ते पण चालू राहिले तर अंगठे रांगेत बसतात."

"बसू देत. मिनिटभराने पोचतील."

"पोचतील गं. पण वेळ कुठली पडती? अंगठा लावलेली नाही, हितं पोचलेली. बाई आठ अठ्ठावीसला फाटकावर, हितं आठ बत्तीसला. साडेआठला फाटकाची वेळ संपली. अर्धा दिवस गेला तिचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. कारखानदारांनीच सुरुवातीला ही अट घातली होती. फाटकावरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. रखवालदार काटे मागे फिरवेल, कामगार रखवालदाराला चहा पाजतील, अशी त्यांची खात्री. म्हणून वेळ धरायची ती आमच्या यंत्राची. मध्ये जो उशीर होईल तो कामगाराचा.

"आणि हे रोज तुम्ही हाताने थांबवता?"

"तिन्ही पाळ्यांना. रात्रीच्याला घरनं करतो. एकदा तापानं पडलो होतो तर पीण्या वसाहतीतल्या एका कारखान्यात शिलाईची अख्खी ओळ अर्ध्या दिवसावर गेली."

"हे कुठे लिहिलंय?"

"मला कोण विचारलं?"

अहवालात मी तिन्ही कंपन्यांचा सरासरी प्रतिसादाचा वेळ दशांशापर्यंत लिहिला होता. सरासरी फारच सुंदर होती. दुपारी तीन वाजता, जेव्हा कोणीच अंगठा लावत नाही, तेव्हा तर त्यांच्या उत्तराला वेग असा होता की बघत राहावं. आणि क्लाउडवर गेल्यावर अण्णांची ती यादी नसणार होती, अण्णाही नसणार होते. त्यांची बदली 'ग्राहक संवाद' विभागात ठरली होती. संवादासाठी त्यांच्याहून योग्य माणूस शोधूनही सापडला नसता.

मी हट्ट करून एक चाचणी मागून घेतली. मागच्या एका सकाळचे खरे अंगठे, त्याच क्रमाने, त्याच वेळी, तिन्ही ठिकाणी सोडायचे, आणि इतर कामं थांबवायची नाहीत. तिन्ही कंपन्यांच्या माणसांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की गर्दी झाली की त्यांची यंत्रं आपोआप वाढतात. ते खरंच निघालं. वाढली. फक्त वाढायला काही मिनिटं लागली, तोवर पाळी आत गेली होती आणि रिकाम्या फाटकासमोर भरपूर यंत्रं दिमाखात उभी होती. वेळेवर आलेली, पण उशिरा ठरलेली माणसं तिन्ही ठिकाणी निघाली. कुठे थोडी जास्त, कुठे थोडी कमी.

मी तक्त्यात एक ओळ वाढवली: 'वेळेवर आलेला कामगार उशिरा ठरतो का?' तिघींसमोर लिहिलं: हो, हो, हो.

मॅनेजरने ओळ वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि काढून टाकली.

"का?"

"अगं, तिघांना सेम मार्क आहेत ना? मग हा क्रायटेरिया डिफरन्शिएट करत नाही. तुलना आहे ही. जे सगळ्यांत सारखं आहे ते तुलनेत कशाला?"

इतकं निर्दोष तर्कशास्त्र मी आजवर ऐकलं नव्हतं. तिघांनीही तुमच्या घराला आग लावली असेल तर आगीचा मुद्दा निकाली. मग रंग कोणाचा छान आहे ते बघायचं.

"आणि ते लोक?"

"तो क्लायंटचा एचआर इश्यू आहे. आपल्या स्कोपमध्ये नाही. तू ना, प्रत्येक गोष्ट पर्सनली घेतेस."

अहवाल बेचाळीस पानांचा झाला, गुळगुळीत कागदावर. त्यात सगळं होतं. आगीची ती ओळ तेवढी नव्हती.

पण बदलाआधी ग्राहकांना एक सूचना जाते, आणि ती फाटकावर चिकटवायची असते. तीही मीच लिहिते. 'आपल्या सेवेसाठी आम्ही अद्ययावत होत आहोत' या छापाची सूचना मी झोपेतही लिहू शकते. या वेळी जागी राहून लिहिली. बाबा पत्रक छापायला द्यायच्या आधी आईला वाचायला द्यायचे आणि तिला एकही प्रश्न पडला तर पुन्हा लिहायचे. मी अण्णांसमोर बसून मराठीत लिहिलं, त्यांनी कन्नडमध्ये केलं, आणि एकही प्रश्न उरणार नाही अशा चार ओळी झाल्या:

'येत्या एक तारखेपासून हजेरीची यंत्रं बदलत आहेत. तुम्ही अंगठा लावाल ती वेळ तुमची धरली जाणार नाही. तुमचा अंगठा आमच्या यंत्रापर्यंत पोचेल ती वेळ धरली जाईल. वाटेत उशीर झाला तर तो तुमचा समजला जाईल.'

अण्णांनी कन्नड मजकूर मोठ्याने वाचला आणि चष्मा काढला.

"हे लावलं तर काम बंद करतील की गं पोरी."

"मजकुरात चूक आहे का?"

"चूक नाही. तीच भानगड आहे."

नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या लोकांना मी ती मंजुरीसाठी पाठवली. दहा मिनिटांत मॅनेजर माझ्या टेबलाशी होता. येताना तो चालला नसावा.

"हे काय आहे?"

"सूचना."

"असं लिहितात का?"

"खोटं आहे का?"

"खोटं नाहीये! पण असं..." तो खुर्ची ओढून बसला. "थांब, मी रीफ्रेज करतो." त्याने खरंच प्रयत्न केला. 'केंद्रीय वेळ-नोंदणीचा लाभ' असं काहीसं झालं. मग तो लाभ कोणाचा हे लिहायची वेळ आली आणि बोटं थांबली. इतकी वर्षं वाक्यांच्या मागे लपणाऱ्या माणसाला वाक्यात लपायला जागा मिळत नाहीये, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला आनंद झाला. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

शेवटी सूचना कायदेशीर बाबी बघणाऱ्या बाईंकडे गेली. त्या बसवनगुडीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ती दोनदा वाचली.

"हे लावलं तर फाटकावर गोंधळ होईल," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आणि हे खरं असून लावलं नाही, तर उद्या मला उत्तर देता येणार नाही. मग हे खरं राहू नये एवढंच करता येईल."

चार दिवस लागले. फाटकावरचं यंत्र अंगठ्यासोबत स्वतःची वेळ पाठवू लागलं आणि तीच धरली जाऊ लागली. काटे कोणी फिरवू नयेत म्हणून त्या घड्याळाची दर तासाला आमच्याशी पडताळणी ठेवली. जे इतकी वर्षं एक माणूस तिन्ही पाळ्यांना हाताने सांभाळत होता, त्याला चार दिवस. नव्या आवृत्तीच्या टिपणात मला लिहावं लागलं: 'ग्राहकांच्या सोयीसाठी वेळ-नोंदणी अधिक सक्षम केली आहे.' मी लिहिलं. पगार त्याचाच मिळतो. माझ्या वार्षिक मूल्यमापनात 'संवादकौशल्य सुधारण्यास वाव' असं आलं. अण्णा ग्राहक संवादात गेलेच. सॅकवरची कंपनी अर्थातच जिंकली.

एक तारखेला सकाळी अण्णा आणि मी पीण्यातल्या त्या शिलाईच्या कारखान्यासमोर उभे होतो. आमचं तिथे काही काम नव्हतं. आठ पंचवीसला बसेस लागल्या आणि बायकांची रांग फाटकापासून रस्त्यापर्यंत आली. यंत्र मंद होतं. अपेक्षेप्रमाणेच. पडद्यावर चक्र फिरत राहिलं, रांगेतून कोणीतरी कन्नडमध्ये शिवी हासडली. अण्णांचा उजवा हात खिशातून बाहेर आला आणि हवेत तसाच राहिला. थांबवायला आता समोर काही नव्हतं.

एका बाईचा अंगठा बराच वेळ अडकला. तिने एकदा मागे घड्याळाकडे पाहिलं, साडेआठ होऊन गेले होते. "आय्ता?" तिने रखवालदाराला विचारलं. झालं का.

यंत्राने चिठ्ठी टाकली. अण्णा पुढे सरकले, मीही सरकले. आठ एकोणतीस.

"आय्तु, होगि," रखवालदार म्हणाला. झालं, जा. बाईने चिठ्ठी न वाचताच चुरगळून पर्समध्ये टाकली आणि आत गेली. तिच्या मागची पुढे आली.