स्वखर्चाने

लोणावळ्याच्या ज्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षण शिकवते, ते पूर्वी विद्यापीठाच्या ग्रामीण क्रीडा विभागात होतं. विभागाच्या कबड्डी स्पर्धा दरवर्षी वेगळ्या तालुक्याला व्हायच्या आणि मी मुलींचा संघ घेऊन जायचे. तिथं भीमेकाठच्या एका लहान कॉलेजचे सर भेटायचे. पन्नाशीतले, विधुर, कमी बोलणारे. आमच्या मुली एकमेकींना मातीत लोळवायच्या आणि आम्ही दोघं कडेला खुर्च्या टाकून बसायचो. मीही एकटीच होते. लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कळलं नव्हतं. पण वर्षभर मी त्या दिवसांची वाट बघते, हे मला चांगलंच कळत होतं.

मग विभागांची फेररचना झाली. आमच्या संस्थेला शहर विभागात जायचं होतं. तिकडे मॅटवर सामने, बूट-कपडे देणारे प्रायोजक, पेपरात फोटो. शिवाय प्रत्येक कॉलेज दर विद्यार्थ्यामागे काही क्रीडाशुल्क आपल्या विभागाला भरतं. आमचं कॉलेज मोठं, त्यामुळे शहरालाही आम्ही हवेच होतो. बैठकीत मी विचारलं, "आपण निघालो तर मागच्या लहान कॉलेजांचं कसं भागणार?"

"मॅडम, ते त्यांचा विभाग बघेल," प्राचार्य म्हणाले. ठराव मंजूर झाला.

शेवटच्या ग्रामीण स्पर्धेत मी सरांना हे सांगितलं, तर त्यांना आधीच माहीत होतं.

"तुमचं शुल्क गेलं की पहिली कात्री पोरींच्या प्रवासखर्चाला लागंल," ते म्हणाले. "जेवणाचं काय, गावातनं उभं करू. तुमच्या पोरींना मॅट मिळंल, चांगलंच हाय." मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "आता आपली गाठ पडायची न्हाई."

"पडेल की," मी म्हटलं. कशी, ते मलाही माहीत नव्हतं.

शहरात मुलींना नवे टी-शर्ट मिळाले, पाठीवर एका बिल्डरची जाहिरात. मॅटवर पाय घसरून पहिलाच सामना आम्ही हरलो. एक सामना संपला की लगेच पुढचे संघ उभे. खुर्ची टाकून बसायला ना जागा, ना कुणी सोबतीला.

थंडीतल्या एका रविवारी सरांचा फोन आला, "लोणावळा स्टेशनला उतरलोय." मी आईबरोबर कुसगावला राहते. त्यांना घरीच बोलावलं. आईनं इंद्रायणी तांदळाचा भात आणि वालाची आमटी केली.

"कॉलेजच्या कामाला आलता का?" तिनं वाढता वाढता विचारलं.

"न्हाई मावशी. कॉलेजचं हितं आता काय काम ऱ्हायलं न्हाई."

"मग एवढ्या लांबचं भाडं कोन देतं?"

"माझं मीच."

आईनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. ते गेल्यावर भांडी विसळताना ती म्हणाली, "कॉलेज भाडं देत हुतं तवर मानूस कशापायी येतो ते कळत न्हवतं. आता कळलं."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. नोकऱ्या दोघांनीही सोडल्या नाहीत. एका सुट्टीला ते येतात, एका सुट्टीला मी जाते. त्यांनी म्हटलं होतं तसंच झालं, प्रवासखर्चाला कात्री लागली आणि त्यांच्या विभागाची स्पर्धा एका दिवसावर आली. दिवाळीच्या सुट्टीत मात्र त्यांच्या संघातल्या मुली आमच्याकडे राहायला येतात. आमच्या प्राचार्यांनी कॉलेजात नवी आणलेली मॅट त्यांना वापरायला परवानगी दिली, तीही न कुरकुरता. घरभर सतरंज्या पसरतात आणि आईला दिवसभर बोलायला माणसं मिळतात.

गेल्या वर्षी दोन्ही विभागांचे विजेते, म्हणजे आमच्या दोघांचेच संघ, समोरासमोर आले. आमच्या चढाई करणाऱ्या मुलींचे घोटे पकडून त्यांच्या मुली जिंकल्या. परतीच्या बसमध्ये माझी कर्णधार फुगून बसली होती.

"मॅडम, मॅटवर खेळायला त्यांना आपणच शिकवलं ना?"

"हो."

बस घाटाला लागायच्या आधी ती म्हणाली, "त्या दिवाळीला आल्या की ती घोट्याची पकड आम्हालाही दाखवायला सांगा सरांना."