भिवंडीत सापडलेला खडखडाट

सकाळी सहाला राजूरहून निघाले तेव्हा माझा नवरा विलास फाटकाशी उभा होता. "रविवारी गिऱ्हाईक येणार आहे," तो म्हणाला, "त्याच्या आत काय ते ठरव."

गिऱ्हाईक माझ्या गाडीसाठी होतं. मी जनावरांची डॉक्टर. डोंगरातल्या ज्या वाड्यांना धड रस्ता नाही, तिथं चारही चाकांना जोर मिळणारी ही गाडीच गेली चौदा वर्षं मला नेते. दोन महिन्यांपूर्वी तिच्या पोटातून खडखड ऐकू येऊ लागली. कधी सलग दहा किलोमीटर, कधी चार दिवस काहीच नाही. तीन गॅरेजं झाली. एकाने मागचा शाफ्ट (मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा) उघडला, दुसऱ्याने बेअरिंग बदललं, तिसऱ्याने "गिअरबॉक्सच गेला" म्हणून हात वर केले. मी स्वतः गाडीखाली आडवी होऊन स्टेथोस्कोप लावून पाहिला. गाय बरी, निदान ती कण्हते तरी वेळेवर!

शेवटी एका दूधवाहू टँकरच्या ड्रायव्हरने नाव सांगितलं : भिवंडीला मानकोलीजवळ भालेराव म्हणून आहेत, जुन्या गाड्यांचे जाणकार.

कसारा घाट उतरताना आवाज सुरू झाला. खिडक्या बंद केल्या, गाणी लावली, तरी पायाखालच्या पत्र्यातून तो टाचेपर्यंत येतच होता. शहापूर गेलं, पडघा गेलं. बायपासला दोन्ही हातांना गोदामांचे निळे पत्रे सुरू झाले, आणि एवढ्या मोठ्या ट्रेलरांच्या गर्दीत बुजून मी मानकोलीच्या आधीच चुकीचं वळण घेतलं. थेट धामणकर नाक्यावर जाऊन अडकले. पुढे शेअर रिक्षा, मागे कापडाचे तागे भरलेला टेम्पो, आणि बाजूच्या गल्लीतून यंत्रमागांचा एकसुरी खटखटाट. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.

"मॅडम, गाडी के नीचे कुछ लटक रहा है क्या?"

"लटकत नाही हो, तेच शोधायला आलेय."

तो हसला. मग चांगल्या मराठीत म्हणाला, "मग इथनं यू-टर्न मारा, सरळ बाहेर पडा. हितं शोधाल तर आवाजात आवाज हरवेल."

भालेरावांचं गॅरेज म्हणजे हमरस्त्याला लागून एक लांबट शेड. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली ओळीने लावलेले नट आवळायचे पाने. त्यांची मुलगी सुजाता पुढे आली. तिशीची, कोपरापर्यंत ग्रीस. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि कारभारही तीच बघते. माझी हकीकत तिने नीट ऐकली आणि मग वडिलांच्या कानाशी वाकून ती मोठ्याने ओरडून सांगितली.

भालेरावकाकांना जेमतेम ऐकू येत होतं.

"वीस वर्षं लूमवर ड्युटी केली त्यांनी," सुजाता म्हणाली. "कान त्या मागांच्या खटखटाटातच गेले. ही गॅरेजची लाइन नंतरची."

माझ्या मनात आलंच : एवढी शंभर-सव्वाशे किलोमीटर येऊन आवाज शोधायला मी न ऐकू येणाऱ्या माणसाकडे आले. चेहऱ्यावर ते दिसलं असावं. काका शांतपणे म्हणाले, "बाई, आवाज न्हाय शोधायचा. कंप शोधायचा. चला, चक्कर मारू."

सुजाता चालवायला बसली, मी मागे. काकांनी चपला काढल्या, डावा पाय पुढच्या पत्र्यावर सपाट ठेवला आणि तळहात गिअरच्या दांड्यावर. कल्याणच्या रस्त्याला लागलो. पहिली काही मिनिटं गाडी शहाण्या मुलीसारखी चालली. मला रडू यायचं बाकी होतं. कोन गाव आलं आणि खडखड सुरू झाली. मी पुढे वाकले, तोवर काकांचा पाय पत्र्यावर पुढे सरकला होता. थोडा डावीकडे, मग आणखी पुढे.

"मागं काय न्हाय," ते म्हणाले. "पुढून येतंय."

"पण बाबा, गाडी टू-व्हीलमध्ये आहे, जोर मागच्याच चाकांना," सुजाता ओरडली. "पुढचा शाफ्ट फिरायलाच नको."

"नको ना? मग का फिरतोय?"

कोनलाच सुजाताच्या ओळखीच्या आगरी काकूंचं घर होतं. त्यांच्या अंगणात गाडी लावली. आत्ता जॅक लावू म्हटलं तर काकूंनी तिघांनाही ओट्यावर बसवलं. "आदी जेवा. गारी काय पलून न्हाय जात!" (गाडी काही पळून जात नाही.) तांदळाची मऊ भाकरी आणि कांद्यात परतलेला सुका जवळा (अगदी बारीक कोळंबी). मी घाटावरची, वासाला जरा बिचकत होते. दुसरी भाकरी मी स्वतः मागून घेतली.

मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. या गाडीच्या पुढच्या चाकांच्या मधोमध एकेक चकती असते. ती 'फ्री'वर फिरवली की चाक एकटं फिरतं, शाफ्टशी त्याचा संबंध उरत नाही. दोन्ही चकत्या 'फ्री'वरच होत्या. डावं चाक फिरवलं, ते एकटंच फिरलं. उजवं फिरवलं आणि काका खालून म्हणाले, "हा बघा!"

मी त्यांच्या शेजारी मातीत आडवी झाले. चाकाबरोबर पुढचा शाफ्टही हलत होता, कधी फिरे, कधी थांबे. उजव्या चकतीतली स्प्रिंग तुटली होती. बाहेरून चकती सुटलेली दिसे, आत दात अडकलेलेच. म्हणूनच आवाज कधी येई, कधी नाही. काकांनी माझा हात धरून शाफ्टच्या पुढच्या सांध्यावर ठेवला. सांधा चक्क डुगडुगला. अडलेल्या गाईच्या पोटातलं वासरू चाचपावं, इतकं स्पष्ट कळलं. सांधा उघडला तेव्हा आतल्या बेअरिंगची नुसती लाल भुकटी सुजाताच्या तळहातावर पडली.

"आम्ही मागचंच उघडत बसलो," मी म्हणाले.

"सगळे तेच करतात," काका म्हणाले. "पण हा घाटात तुटला असता ना बाई, तर पुढचं टोक रस्त्यात रुतलं असतं. गाडी उलटली असती."

सकाळी मी घाट उतरले होते, गाणी लावून. काकूंनी न विचारता पाणी आणून दिलं.

सुजाताने मानकोलीहून नवा सांधा आणि स्प्रिंग मागवून घेतली. तासाभरात सगळं बसलं. निघताना मी काकांना म्हणाले, जरा मोठ्यानेच, "सकाळी मला तुमच्याबद्दल शंका आली होती. माफ करा."

"कळलं होतं मला," ते हसले. "कान गेल्यावर तोंडं वाचायला येतात."

परतताना कसारा घाट चढले तेव्हा ऊन डोंगरावर तिरकं आलं होतं. गाडीत नुसती इंजिनाची घरघर होती आणि खिडकीतून वारा. दोन महिने मी प्रत्येक वाडीला जाताना मनात आधी परतीचा हिशेब करत होते : अडकले तर कोणाला फोन, पोचले नाही तर त्या जनावराचं काय. एवढं ओझं खांद्यावर होतं, हे ते उतरल्यावरच कळलं. इगतपुरीला थांबून विलासला फोन केला, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव. तो म्हणाला, "बरं झालं. मलाही विकायची नव्हती."

घोटी सोडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागले आणि फोन वाजला. वरच्या एका वाडीतला सोमा होता.

"डॉक्टरीणबाई, म्हस अडलीय. पर तुमच्या गाडीचं कसं? याल का?"

"पाणी गरम करून ठेव," मी म्हणाले. "अर्ध्या तासात पोचते."