खंडेनवमीच्या अक्षता

त्या रविवारी सुधीरची रायफल अडकली, ती माझ्यामुळे.

आज त्याला, माझ्या नवऱ्याला, जाऊन एक महिना झाला. रायफलचं मला आठवड्यापूर्वीच कळलं, आणि कळल्यावर मी एक खोटं बोलले. म्हणून आज लिहितेय.

जर्मनीत, इंगोलश्टाटच्या आमच्या किचनमधली एक सकाळ. आठेक वर्षं झाली असतील. खंडेनवमी.

टेबलावर पाट, पाटावर माझी सुरी, कात्री, त्याचा पाना, लॅपटॉप. मी म्हटलं, "घरात खरं शस्त्र असताना मी कात्रीची पूजा करू?"

तो हसला. कपाटातून रायफल काढून समोर धरून उभा राहिला.

"हात लावायचा नाही. परवाना माझा आहे."

"देवीला परवाना लागत नाही," मी म्हटलं, आणि लांबूनच हळदकुंकू, झेंडू, अक्षता वाहिल्या. जरा जास्तच वाहिल्या.

रायफलची वरची खिडकी त्याने मुद्दाम उघडी ठेवली होती. आत गोळी नाही हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, हा त्याचा नियम. किचनमध्ये आम्ही दोघंच असलो तरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुधीर कारचे पार्ट्‌स बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला होता. दार हजारो वेळा उघडायचं, मिटायचं, आणि कधी मोडतं ते लिहून ठेवायचं. पन्नाशीनंतर तो गावातल्या शूटिंगच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबमध्ये, जायला लागला. मला बंदुका कधी आवडल्या नाहीत. त्यालाही बंदुकीपेक्षा तिचं यंत्र आवडायचं.

त्याची सेमी-ऑटोमॅटिक होती. एक गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर, पुढची गोळी आपोआप आत.

"या 'आपोआप'मध्येच सगळी गंमत आहे, नीला," तो म्हणायचा. "नेम सगळेच धरतात. शेवटच्या गोळीपर्यंत न अडकता चालली पाहिजे."

त्यासाठी एक वही होती. रायफल कधी अडकली, कुठल्या मॅगझिनवर, कुठल्या गोळ्यांवर, थंडी किती होती, तेल किती घातलं होतं. शेवटचा रकाना: उपाय.

स्पर्धेच्या आधी एकदा साफ केली की तो तिला पुन्हा उघडत नसे. त्या वर्षी साफ करून झाली होती. माझ्यासाठी उघडली.

रविवारी टीमची मॅच होती. जिंकले असते तर पुढच्या फेरीत गेले असते. शेवटच्या सिरीजमध्ये, ठरलेल्या गोळ्यांच्या शेवटच्या फेरीत, रायफल अर्ध्यात थांबली. त्याने हात वर केला. पंच आला, आत बघितलं, काही विचारलं. सुधीर म्हणाला, "माझी चूक. नीट साफ केली नव्हती."

पार्ट तुटला असता तर सिरीज पुन्हा मिळाली असती. हलगर्जीपणाला माफी नाही. टीम बाहेर.

घरी आला तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"अडकली."

"तू तर रिलायबिलिटीवाला ना?"

"या," तो म्हणाला. म्हणजे जर्मन या, हो. मग म्हणाला, "आमटी छान झालीय."

त्यानंतर त्याच्याच टीममधला मार्कुस त्याला दर मॅचला विचारायचा, "आल्झो, काय मग सुधीर, आज पुसलीस ना?" अख्खा फेराइन हसायचा. सुधीरही हसायचा.

पुढच्या खंडेनवमीला त्याने रायफलच्या खिडकीवर धुतलेला रुमाल घातला.

"हे काय? कुंकवाची लाज वाटते?"

"सर्दी होईल तिला."

मला लागलं ते. दोन वर्षं रुमालावर कुंकू वाहिलं, तिसऱ्या वर्षी म्हटलं, राहू दे तुझी रायफल कपाटात. त्याने ती कपाटातच ठेवली. मी मात्र मनात धरून ठेवलं. इतकी वर्षं.

मागच्या आठवड्यात मार्कुस परवाना ऑफिसची पत्रं घेऊन आला. रायफल आता कोणाच्या नावावर करायची, ते कागद. त्याने वही चाळली आणि त्या रविवारच्या पानावर थांबला. सगळं मराठीत. "इथे काय लिहिलंय?"

मी वाचलं. मनात.

"अडकली. कारण: तांदळाचा दाणा, कुंकू लागलेला. नीलाला सांगायचं नाही."

आणि शेवटच्या रकान्यात:

"उपाय: पूजा चालू ठेवणे. रुमाल."

मार्कुस वाट बघत होता. मी म्हटलं, "साफसफाईबद्दल आहे."

त्याने मान हलवली. "गेनाऊ, बरोबर. तो स्वतःच म्हणाला होता."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, चूक कबूल करताना कारणं देऊ नका. म्हणून देत नाही. दाणा माझ्या हातचा होता.

आता वाटणी.

रायफल मार्कुसला. त्याच्याकडे परवाना आहे, कागद झाले की नेईल. मॅगझिनही त्यालाच. तीन नंबरच्या मॅगझिनची स्प्रिंग ढिली आहे, ते मॅचला वापरू नये. वहीत तसं आहे.

शूटिंगचं जॅकेट फेराइनमध्ये नवीन येईल त्याला. बाह्या आखूड पडतील, सुधीर उंच नव्हता.

ब्रश, तेल, चिंध्यांचा डबा अनघाला. बर्लिनहून फोनवर लेक जर्मनमध्येच म्हणाली, तो मी घेते, सायकलला होईल. घे बाई.

वही माझ्याकडे राहील. त्या एका पानाचं, आणि या लिहिलेल्याचंही, जर्मन अनघा करून देणार आहे. ते फेराइनच्या बोर्डावर लावावं, सगळ्यांना वाचता येईल असं.

आणि मार्कुस, यापुढे चिडवायचं असेल तर मला चिडव.

जा म्हणवत नाही. ये, सुधीर. तुझी रायफल स्वच्छ होती.