दादा थांबतील तिथं

इंग्रजीत वाक्य नेमकं कुठं थांबवायचं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तरी मी त्याच कामावर पोट भरते.

वाळूजच्या एका कंपनीत मी लागले तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकांना पत्रं लिहायचं काम माझ्याकडं आलं. माल गंजला, खोकं भिजलं, अशा तक्रारी यायच्या आणि मी इंग्रजीत माफी मागायचे. सहा महिन्यांनी मला पर्मनंट करायचं की घरी पाठवायचं, ते आमच्या विभागाच्या मॅडम ठरवणार होत्या. घरी म्हणजे पिशोरला, आणि पिशोरला गेलं की आठ दिवसांत बोहल्यावर. म्हणून ही नोकरी टिकणं मला फार गरजेचं होतं.

पहिलंच पत्र लालभडक होऊन परत आलं. ‘द बॉक्स वॉज वेट द पार्ट गॉट रस्ट वुई आर व्हेरी सॉरी’ असं मी एका दमात लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, “अगं, तुझं वाक्य थांबतच नाही. तीन वाक्यं एकमेकांच्या अंगावर चढलीत. सेमीकोलन दे मधे, नाहीतर सरळ फुलस्टॉप.”

सेमीकोलन म्हणजे आपला अर्धविराम, एवढं माहीत होतं. त्यापुढं सगळा अंधार. गावच्या शाळेत गुरुजींनी आम्हाला मोजून शिकवलेलं, स्वल्पविरामाला एक मोजा, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला चार. म्हणजे वाचणारा जिथं श्वास घेईल तिथं खूण, असा मी अर्थ लावला. मग पत्र मोठ्यानं वाचून पाहिलं, तर मला कुठंच थांबावंसं वाटेना. आमच्या घरातल्या बायका अशाच बोलतात, समोरच्याला तोंड घालायला फट म्हणून ठेवत नाहीत.

तेव्हा मला दादा आठवले. दादा म्हणजे माझे वडील. शेती करतात आणि श्रावणात देवळात पोथी वाचतात. श्वास कुठं घ्यावा, हे आख्ख्या गावात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मॅट्रिकला इंग्रजीनं त्यांना दोनदा पाडलं, पण अक्षर लावून वाचतात खणखणीत. अर्थ मात्र कळत नाही. मला वाटलं, हे तर फारच उत्तम. अर्थापायी अडणार नाहीत, थांबतील ते फक्त श्वासासाठी. माझी अक्कल ही अशी.

मग रोजचा रिवाज पडला. मी पत्रातल्या सगळ्या खुणा काढून ते दादांच्या मोबाइलवर पाठवायचे. सकाळी ओट्यावर बसून ते वाचायचे आणि आवाज भरून पाठवायचे. पडेगावच्या माझ्या भाड्याच्या खोलीत कंपनीच्या बसची वाट बघत मी ते कानाला लावायचे. जरासे थांबले की स्वल्पविराम. श्वास ओढल्याचा आवाज आला की अर्धविराम.

आणि काय सांगावं, जमलं की! दोन महिने लाल शाई कमी कमी होत गेली. दादा तर खूशच. “तुह्या मॅडमला म्हणावं, मला बी लावून घ्या कामावर,” म्हणायचे.

उन्हाळा लागला आणि कुठं काय बिनसलं कळेना. पत्रं पुन्हा लाल व्हायला लागली. आधी वाक्य थांबत नव्हतं, आता म्हणे चालत नाही. “चार शब्द, सेमीकोलन. तीन शब्द, सेमीकोलन. हे काय आहे?” मॅडम विचारायच्या आणि मी पत्र पुन्हा लिहायला घ्यायचे. माझी रीत तीच होती. वाचणारे दादाही तेच होते. आधी मला मॅडमचाच संशय आला, की हिला मला पर्मनंट करायचंच नाही. मग दादांचा राग आला. हल्ली ते फोनवरही दोन शब्द बोलून ठेवून द्यायचे. एक स्थळ मी नाकारलं होतं, म्हणून रुसलेत, असं मी धरून चालले होते.

एक दिवस मी चिडून फोन केला. “दादा, नीट वाचत जा ना. कुठंही काय थांबता? माझी नोकरी जाईल तुमच्यापायी.”

ते म्हणाले, “व्हय बाई. उद्या नीट वाचतो.”

दुसऱ्या दिवशीच्या वाचनात त्यांनी मधेच पाणी प्यायलेलं ऐकू आलं. तिथंही मी अर्धविराम दिला.

सहावा महिना संपत आला तेव्हा मॅडमनी मला शेजारी बसवलं. “सेमीकोलनच्या दोन्ही बाजूंना पुरतं वाक्य लागतं. दोन्ही आपापल्या पायांवर उभी राहिली पाहिजेत. श्वासाचा काही संबंध नाही. तू इथं का थांबलीस, सांग बरं?”

“दादा थांबले म्हणून,” मी म्हणाले.

मग सगळं सांगावंच लागलं. माझी रीत खोटी नव्हती हे दाखवायला मी जानेवारीतला आवाज लावला. आख्खा परिच्छेद दोन श्वासांत. त्यानंतर कालचा लावला. चार शब्द, श्वास. तीन शब्द, श्वास. अर्ध्यावरच मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“यांना दम लागतोय गं,” त्या म्हणाल्या. “कुणा डॉक्टरला दाखवलंय का?”

इतके महिने मी दादांचा एकेक श्वास कान देऊन ऐकत होते, आणि ऐकलं काहीच नव्हतं.

त्याच दुपारी पिशोर गाठलं आणि त्यांना शहरात आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, छातीत पाणी साठलंय, औषधानं उतार पडेल, पण उशीर केलात. “कधीपासून होतंय हे?”

“काय नाय, दोन-चार दिवसांपासून,” दादा म्हणाले.

मी मोबाइल पुढं केला. डॉक्टरांनी एकेक तारीख बघत सगळे आवाज ऐकले. “एवढा त्रास होत होता, तर घरात कुणाला सांगितलं का नाही?”

दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, “पोरगी म्हणली व्हती, थांबू नका. तिच्या नोकरीचं व्हतं. म्या लई कोशिश केली.”

एवढं बोलताना ते पाच वेळा थांबले. मी मोजलं.